मित्रांचा दबाव कादंबरीत लिहिताय? या चुका टाळा

नायक सोळा वर्षांचा, इंदूरच्या रामबागेत राहणारा. टोळीतला दांडगट मुलगा त्याला म्हणतो, "ओढ सिगारेट, नाहीतर दोस्ती संपली." नायक बाणेदारपणे नाही म्हणतो आणि शेवटच्या प्रकरणात सगळे त्याची माफी मागतात. किशोर कादंबरीचा पहिला खर्डा बहुधा असाच उतरतो, आणि वाचणाऱ्या पोराला दुसऱ्याच पानावर कळतं की हे कुणा मोठ्या माणसाचं काम आहे.

दबाव म्हणजे हुकूम नव्हे

हुकूम झिडकारणं सोपं असतं. खरा दबाव तोंडच उघडत नाही. छप्पन दुकान या खाऊगल्लीपाशी कुणीतरी एका मुलाच्या बोलण्याची नक्कल करतं, सगळे हसतात आणि नायकही हसतो, फक्त जरा उशिरा. नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. नाव तेच, पुढे एक टिंब जास्त, आणि त्यात तो नसतो.

2011 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात, मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत एवढं कळल्यावरच किशोरवयीन मुलांनी जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या खेळात तसा फरक पडला नाही. म्हणजे टोळीने नुसतं बघितलं तरी पुरतं.

दुरुस्ती अशी: खर्ड्यातली धमकीची वाक्यं लाल पेनाने खोडा आणि प्रसंग पुन्हा वाचा. तो कोसळला, तर धमकीच्या जागी हसू, टोपणनाव किंवा वगळणं यांपैकी एकच घाला. तिन्ही एकदम घातलीत की पुन्हा खलनायक तयार होतो.

टोळी फुगवू नका

आठ-दहा मित्र रंगवले की कुणाचाच चेहरा लक्षात राहत नाही, आणि तेवढ्यांची गरजही नसते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. आधीच पढवून ठेवलेली माणसं ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि खऱ्या सहभागी माणसाने त्यांच्यामागे जाऊन दिलेल्या चुकीच्या उत्तरांचं प्रमाण मोजलं जाई. विरोधात एकच माणूस असला तर काही बिघडत नसे. दोघे असले की चुका 13.6 टक्क्यांवर जात, तिघे असले की 31.8 टक्क्यांवर, आणि त्यापुढे माणसं वाढवूनही फारशी भर पडत नसे.

तेव्हा तीन मित्र बास. मात्र तिघांची गप्प राहण्याची कारणं वेगवेगळी हवीत: एकाला घरी कुणी विचारत नाही, एक कोचिंगला दुसऱ्याच्या स्कूटरवर जातो, तिसऱ्याला खरंच मजा येते. हा तिसरा लिहायला सगळ्यात कठीण, पण तोच टोळीला खरेपणा देतो.

साथीदार कसा जातो

बहुतेक खर्डे इथेच फसतात. नायकाला समजून घेणारी एक मैत्रीण दिली जाते, ती शेवटपर्यंत पाठीशी उभी राहते, आणि गोष्टीतली हवा निघून जाते. साथीदार मिळाला की दबाव खरोखरच ढासळतो; ॲशच्या प्रयोगांत एका जोडीदारामुळे चुका सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. पण पुढचा भाग लेखकाच्या जास्त कामाचा आहे. जोडीदार काम असल्याचं सांगून खोलीबाहेर गेला, तरी त्याचा आधार बराचसा टिकला. तोच अर्ध्यातून बहुमताला जाऊन मिळाला, तेव्हा चुका एकदम उसळल्या.

म्हणून मैत्रिणीच्या वडिलांची बदली भोपाळला केलीत, तर नायक वाकेल पण मोडणार नाही. तीच मैत्रीण सोमवारी टोळीच्या बाकावर जाऊन बसली, तर मोडेल. कादंबरीला काय हवं ते आधी ठरवा आणि हा प्रसंग साधारण दोन तृतीयांशावर ठेवा. त्याआधी आणलात तर मधली प्रकरणं रडगाणी होतात.

वेगळेपणा म्हणजे वेश नव्हे

झब्बा, कविता आणि बासरी एवढ्यावर मुलगा बंडखोर होत नाही. तो पाहुणा वाटतो. नायकाला टोळी हवीहवीशी वाटली पाहिजे. पहिल्या चतुर्थांशात त्याला एकदा तरी टोळीबरोबर वाहवत जाऊ द्या आणि त्यात सुख मिळू द्या. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला चौघांनी एकाच पानातून भुट्ट्याचा कीस खाल्ला हे लिहिलं नसेल, तर पुढे त्याने काय गमावलं ते वाचकाला कसं कळणार? किंमतही अशीच मोजता येणारी हवी: स्कूटरवरची मागची जागा, फिजिक्सच्या वह्या, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, कुणाबरोबर जायचं हा प्रश्न. "तो एकाकी झाला" या वाक्याला किंमत म्हणत नाहीत.

वडीलधाऱ्यांचं भाषण कापून टाका. आजोबांनी दोन पानं समजावलं तर निर्णय आजोबांचा होतो.

इंदूरची पोरं पुण्याची करू नका

इंदूरच्या मराठी घरातला मुलगा घरात मराठी बोलतो, उंबरठ्याबाहेर हिंदी. टोळीच्या तोंडी शुद्ध मराठी संवाद घातलेत की गाव पुसलं जातं. "क्या भिया, निकल लिए?" एवढी एक ओळ पुरे, आणि पुढच्या वाक्यात तिचा अर्थ सांगत बसू नका. पानभर हिंदीही नको. निवेदन मराठीतच चालू द्या.

या दोन भाषांतच तुमच्या विषयाचा ऐवज आहे. टोळीसमोर आईचा फोन येतो आणि मुलगा म्हणतो, "हाँ मम्मी, आ रहा हूँ." पलीकडे क्षणभर शांतता. मग आई विचारते, "बरा आहेस ना रे?" कुणी त्याला काही म्हटलेलं नाही, कुणी धमकावलेलं नाही. हा प्रसंग पहिल्या तीन प्रकरणांत घ्या आणि त्यावर एका शब्दाचंही भाष्य करू नका. शेवटच्या प्रकरणात फोन पुन्हा वाजवा. तो कोणत्या भाषेत बोलतो तेवढं लिहा; टोळीचे चेहरे कसे झाले ते लिहायचं नाही.