केस गळत असतील तर मागचे तीन महिने आठवा : या चुका टाळा

पावसाळा आणि त्यानंतरच्या आठवड्यांत नागपुरात डेंग्यू, चिकनगुनियाचे रुग्ण वाढतात. दिवाळीच्या आसपास त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात कंगव्याबरोबर केसांचे पुंजके येऊ लागतात, आणि दोष मात्र बोअरवेलच्या जड पाण्याला किंवा नव्या शांपूला दिला जातो. ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन आठवडे त्याचे मूळ आक्रसते आणि सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन तो गळतो. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झटपट वजन घटवणारा आहार यांमुळे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. म्हणून गळती दिसते ती कारण घडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. अशी गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्याच काळात सुरू केलेल्या तेलाला श्रेय मिळते, हा त्या तेलाचा योग. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच आहे. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून सुटला आहे. ती नसेल तर बहुतेक वेळा तो मधेच तुटलेला असतो आणि तेव्हा रंग, स्ट्रेटनिंग, ओढून बांधलेली वेणी यांकडे पाहावे.

दुसरी चूक घाईची. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध; त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढलेली दिसली आणि त्यातून टाळूवर लावायचे द्रावण तयार झाले, ज्याला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत ते वापरणाऱ्यांची गळती वाढू शकते, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांसाठी जागा सोडतात. नेमक्या याच वेळी ते बंद केले जाते. परिणाम जोखण्यासाठी किमान चार ते सहा महिने द्यावे लागतात, आणि फायदा दिसल्यावर थांबवले तर तो पुढच्या काही महिन्यांत ओसरतो. एकाच आठवड्यात द्रावण, कांद्याचा रस आणि गोळ्या असे सारे सुरू करणाऱ्याला तर कशाने गुण आला हे कधीच कळणार नाही. फिनास्टेराइड ही टकलावरची गोळी ओळखीच्या दुकानातून परस्पर घेऊ नये : गरोदरपणात ते गर्भाला घातक ठरू शकते, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका दाखवणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा त्यामुळे जवळपास निम्म्याने कमी दिसतो.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाचेही तसेच. त्याची खरी कमतरता विरळ असते, पण मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात. बायोटिन सुरू करण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-12 तपासून घेणे शहाणपणाचे. विशेषतः पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांनी, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो.

पांढऱ्या केसांबाबत बातम्या अर्धवट वाचल्या जातात. हार्वर्डच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की तीव्र ताणात मज्जातंतूंतून सुटणारे नॉरएड्रेनालिन केसाला रंग देणाऱ्या मूळ पेशी संपवते. पण तो प्रयोग उंदरांवर होता. कोलंबिया विद्यापीठाच्या 2021 मधील अभ्यासात माणसांचे काही पांढरे केस पुन्हा रंगलेले आढळले, तरी त्यात सहभागी होते अवघे 14 जण. वर्षानुवर्षे पांढरे असलेले डोके सुट्टीवर जाऊन काळे होईल, असा त्याचा अर्थ नाही. हेल्मेटने टक्कल पडते, हा समज तर सोडूनच द्यावा.

मात्र काही वेळा वाट पाहणेच चुकीचे असते. नाण्याएवढी गुळगुळीत चाई बहुधा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केसांच्या मुळांवर केलेल्या हल्ल्यामुळे पडते, त्यावर लसूण चोळून कातडी भाजू नये. मुलांच्या डोक्यावरचा खवलेदार चट्टा बुरशीचा असेल तर नुसते मलम पुरत नाही, पोटात घ्यायची गोळी लागते. आणि टाळूची आग होत असेल, केस गेलेली जागा चकचकीत दिसत असेल, तर तेथे व्रण धरत असण्याची शक्यता असते. व्रण धरलेल्या जागी केस परत येत नाहीत. अशा वेळी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात त्याच आठवड्यात जावे, आणि जाताना मागच्या सहा महिन्यांतले ताप, औषधे व घटलेले वजन कागदावर लिहून न्यावे.