सोडा ब्रेडला हात घालायच्या आधी

सगळ्यात आधी ओव्हन. २३० डिग्रीला लावा आणि मगच पिठाची पिशवी फोडा, कारण या पावात यीस्ट नाही, फुगवणारा फक्त सोडा, आणि ताक सोड्याला लागलं रे लागलं की बुडबुडे सुरू. मी पहिल्यांदा सगळं कालवून मग ओव्हन लावला होता, तो तापेपर्यंत गॅस ओट्यावरच उडून गेला आणि पावाच्या जागी पाटा निघाला.

मैदा ४५० ग्रॅम मोजून ठेवा. आम्ही आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतो, इथे साध्या मैद्याला क्रीम फ्लावर म्हणतात, तेच आणायचं, स्ट्राँग फ्लावर, म्हणजे यीस्टच्या पावाचा चिवट मैदा, चुकूनही नको. इथल्या ओल्या हवेत गहू मऊ जातीचा येतो, त्यात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, कमी, म्हणून यीस्टचा पाव त्याचा धड होत नाही, पण १८३०-४० च्या सुमारास सोडा मिळायला लागला आणि या पिठाचं नशीबच उघडलं. अर्धी जाडसर कणीक घातली की ब्राऊन ब्रेड, मला तोच जास्त आवडतो.

मीठ एक छोटा चमचा. सोडा पण एकच, सपाट, शीग लावून नाही, इथे पाकिटावर ब्रेड सोडा लिहिलेलं असतं पण म्हणजे आपला खायचा सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. तळहातावर घेऊन बोटाने चुरडून मग घाला, गुठळी राहिली तर घासात नेमकी तीच येते आणि साबण खाल्ल्यासारखं होतं.

ताक ३५० ते ४०० मिली. इथे कार्टनमध्ये मिळतं, भारतात करणार असाल तर लोणी काढल्यावरचं घट्टसर आंबट ताक बेस्ट, आंबट हवंच कारण त्या आंबटपणानेच सोडा काम करतो. जिरं-हिंगवालं पाकिटातलं मसाला ताक नको प्लीज. काहीच नसेल तर तेवढ्याच दुधात दीड मोठा चमचा लिंबू पिळून १० मिनिटं ठेवा, फाटल्यासारखं दिसेल, दिसू दे.

आता ट्रेवर मैदा भुरभुरवून ठेवा, धारदार सुरी काढा, जाळी काढा, एक स्वच्छ सुती पंचा काढा, हातातली अंगठी काढा. हात एकदा पिठात गेला की कशालाही लावता येत नाही. आमच्या शेजारच्या आजींनी दाखवलं तसं एकच हात, बोटं ताठ फाकवून, मधून बाहेर गोल गोल फिरवायचा, ताक जवळजवळ सगळं एकदम ओतून, आणि गोळा जमला की थांबायचं. आपल्याला सवय पोळीच्या कणकेची, हात मळायला शिवशिवतात, पण मळलात की चिवट झालाच म्हणून समजा. चिकट आणि ओबडधोबड राहिला तरच बरोबर.

चार सेंटीमीटर जाड थापून वरून खोल फुली मारा, फुलीने मधल्या भागापर्यंत उष्णता पोचते, शिवाय चारही भागांना सुरीचं टोक टोचायचं म्हणजे आतल्या पऱ्या बाहेर पडतात, असं आजी म्हणतात आणि मी मुकाट्याने टोचते. त्यांच्या आईकडे ओव्हन नव्हता, बॅस्टिबल नावाचं लोखंडी भांडं विस्तवावर टांगून झाकणावरही निखारे ठेवायचे, आपल्याकडे केकला वर-खाली निखारे ठेवायचे ना तसंच. उत्तरेकडे तर गोळा थापून चार भाग करतात आणि सरळ तव्यावर भाजतात, त्याला फार्ल म्हणतात. म्हणजे ओव्हन नसेल तर तेही आहेच.

२३० वर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास, उलटा करून बुडावर टकटक करा, पोकळ आवाज आला की झाला. जाळीवर ठेवा, कड मऊ हवी असेल तर पंच्यात गुंडाळा. दुसऱ्या दिवशी हा सुकतो, टोस्टच करावा लागतो, त्यामुळे माणसं आधी बोलवा आणि बटर आदल्या रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवा, थंड बटर लावायला गेलात तर गरम पावाचा भुगा होतो.