डिशच्या बॉक्सवर लोकल चॅनल जोडताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत छपरावर डिश बसलेली असते ती आई-बाबांच्या मालिकांसाठी आणि क्रिकेटसाठी. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही लोकल चॅनलं त्याच पॅकेजात येतात, म्हणून कोणी वेगळा विचार करत नाही. मग कधीतरी डिशवाल्यांचं आणि चॅनलवाल्यांचं पैशावरून फाटतं आणि चॅनल एका रात्रीत गायब होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये डायरेक्टीव्ही ही डिशची कंपनी आणि एबीसीची मालक डिस्नी यांचं असंच बिनसलं, तेव्हा न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाचं एबीसी डायरेक्टीव्हीच्या ग्राहकांना जवळजवळ दोन आठवडे दिसलं नाही. हवेतून मात्र ते नेहमीसारखं फुकट चालू होतं.

अँटेना घेऊन थेट टीव्हीला लावला तर काम दहा मिनिटांचं. पण मग टीव्हीचा इनपुट बदलायचा, दुसरा रिमोट शोधायचा, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना हे रोज समजावायचं. शिवाय रेकॉर्डिंग होत नाही. म्हणून लोकांना ही चॅनलं डिशच्या बॉक्समध्येच हवी असतात, आणि ती मागणी रास्त आहे. घोटाळे सुरू होतात ते इथूनच. मी मध्य न्यूजर्सीत राहतो आणि ओळखीपाळखीच्या घरी हे काम करून देतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच देतोय.

एका वायरीत दोन्ही सिग्नल कोंबणे

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. छपरावरून घरात एक कोअ‍ॅक्स केबल आलेलीच आहे, मग दुसरी कशाला ओढायची? दुकानात डिप्लेक्सर नावाची छोटी डबी मिळते. एक डबी वर लावली की ती अँटेना आणि डिश एका केबलीत मिसळते, दुसरी खाली लावली की वेगळं करते. जुन्या बॉक्सवर हे खरंच चालायचं. हवेतली चॅनलं ६०८ मेगाहर्ट्झच्या खाली असतात आणि डिशकडून खाली येणारा सिग्नल साधारण ९५० च्या वर. मध्ये भरपूर मोकळी जागा, भांडणाचं कारणच नाही.

आता ती जागा मोकळी राहिलेली नाही. डायरेक्टीव्हीच्या नव्या जोडणीत एकाच केबलीवरून सगळे बॉक्स चालतात, आणि ते एकमेकांशी बोलतात ते ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे हवेतल्या चॅनलांच्या वरच्या पट्ट्याच्या, यूएचएफच्या, ऐन मधोमध. डिश नेटवर्क कंपनीचे हॉपर (मुख्य बॉक्स) आणि जोई (बाकी खोल्यांतले छोटे बॉक्स) हेही कोअ‍ॅक्सवरूनच गप्पा मारतात. त्याच केबलीत अँटेना घातला की दोन्हीकडून बोंब. कधी बेडरूमचा बॉक्स अचानक जोडणी सोडतो, कधी अर्धी लोकल चॅनलं चौकोन चौकोन होऊन फुटतात. आणि दोष दिला जातो अँटेनाला.

म्हणून हॉपर किंवा डायरेक्टीव्हीच्या जिनीसारखा बॉक्स असेल तर अँटेनाची केबल स्वतंत्र आणा. ती डिशच्या केबलीला, स्प्लिटरला, कशालाही शिवू नये. बॉक्सच्या मागे यूएसबीला लागणारा ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो, अँटेनाची केबल त्यात जाते, आणि दोन सिग्नल भेटतात ते थेट बॉक्सच्या आत. केबल एकाच बॉक्सपर्यंत न्यायची आहे, हेही लक्षात घ्या. हॉपरला ट्यूनर लावला की त्याला जोडलेल्या जोईंवर लोकल चॅनलं आपोआप दिसतात. प्रत्येक खोलीत अँटेना पोचवायची गरज नाही. फक्त त्या ट्यूनरवर एका वेळी दोनच चॅनलं चालतात, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे अँटेनाची केबल ‘सॅटेलाइट इन’मध्ये खुपसणे. भोकं सारखीच, पिळायचा कनेक्टर सारखाच, त्यामुळे हे सहज होतं. पण बॉक्स त्या भोकातून १३ ते १८ व्होल्ट वर पाठवत असतो, डिशच्या पुढ्यातला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारी डबी, चालवायला. बऱ्याच अँटेनांची आतली जुळणी अशी असते की ही वीज सरळ शॉर्ट होते.

‘बाकी सगळं येतं, फक्त एबीसी येत नाही’

एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे या पट्ट्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ऐकणारा लगेच म्हणतो, अँप्लिफायर लाव. थांबा. न्यूयॉर्कचं एबीसी, म्हणजे डब्ल्यूएबीसी, आजही खरोखरच ७ नंबरच्या फ्रिक्वेन्सीवर आहे. डब्ल्यूपीआयएक्स ११ वर, आणि पीबीएसचं डब्ल्यूएनईटी, जे पडद्यावर १३ म्हणून दिसतं, ते १२ वर. ही तिन्ही व्हीएचएफ, म्हणजे यूएचएफच्या खालचा, लांब लहरींचा पट्टा. सीबीएस आणि एनबीसी पडद्यावर २.१ आणि ४.१ असे नंबर दाखवतात, पण ती प्रत्यक्षात यूएचएफवर आहेत. पडद्यावरचा नंबर ही नुसती पाटी. अँटेना निवडताना त्या पाटीकडे बघून उपयोग नाही.

आता मोजपट्टी घ्या. अँटेनाची लांबी साधारण अर्ध्या लहरीएवढी लागते. यूएचएफच्या मध्यावर अर्धी लहर जेमतेम २८ सेंटिमीटर भरते, म्हणजे फूटभर. चॅनल ७ ची अर्धी लहर ८५ सेंटिमीटर, पावणेतीन फुटांच्या वर. खिडकीला चिकटवायचा कागदासारखा पातळ अँटेना फूटभराचाच असतो. त्याच्या खोक्यावर किती का मैल छापलेले असेनात, पावणेतीन फुटांचं काम तो करणार नाही. लांब आडव्या दांड्या असलेला अँटेना घ्या, खोक्यावर ‘हाय व्हीएचएफ’ असं स्पष्ट लिहिलेलं बघून.

फिलाडेल्फियाकडे तोंड केलेल्यांची अडचण आणखी मोठी. तिथलं एबीसी, डब्ल्यूपीव्हीआय, चॅनल ६ वर आहे, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ, एफएम रेडिओच्या दाराला दार लावून. त्यासाठी अँटेना आणखी लांब लागतो. आणि अँप्लिफायरमध्ये एफएम अडवणारी चाळणी असेल, तर ती शेजारच्या चॅनल ६ लाही कापते. अँप्लिफायर लावल्यावर एखादं चॅनल आणखी बिघडलं, तर आधी ही चाळणी तपासा. काही मॉडेलांत ती बंद करायचं छोटं बटण असतं.

डिशच्या खांबावरच अँटेना बांधणे

खांब आयता आहे, केबलचं भोक आयतं आहे, मोह होतोच. पण डिश बघते दक्षिणेकडच्या आकाशात, आणि ती लावणारा तेवढंच बघून जागा ठरवतो. बऱ्याचदा ती मागच्या भिंतीवर, गटरच्या खाली असते. एडिसनहून मॅनहॅटनचे मनोरे ईशान्येला आहेत. म्हणजे अँटेना आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्यामध्ये तुमचंच अख्खं घर उभं. डिशची दिशा आणि अँटेनाची दिशा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार खात्याच्या, नकाशावर किंवा ‘रॅबिटइअर्स’ या वेबसाइटवर पत्ता टाकला की कोणता मनोरा कुठे आहे ते अंशांत मिळतं.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही हवंत म्हणून दोन अँटेना पाठीला पाठ लावून साध्या स्प्लिटरने जोडणारेही भेटतात. दोन्हीकडून थोडा थोडा वेगळ्या वेळी आलेला सिग्नल एकमेकाला मारतो. एक शहर निवडा.

माळ्यावर अँटेना ठेवायचा असेल तर आधी वर डोकावून बघा. इन्सुलेशनला चंदेरी कागद असेल किंवा छताच्या त्या बाजूला सोलर पॅनल असतील, तर तो विचार सोडा.

आधी अँप्लिफायर, मग विचार

अँप्लिफायर सिग्नल निर्माण करत नाही. अँटेनाने पकडलेलं लांबच्या केबलीत आणि स्प्लिटरमध्ये गळून जाऊ नये, एवढंच त्याचं काम. एका दोनतोंडी स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात. मनोऱ्यापासून जवळ राहणाऱ्यांनी अँप्लिफायर लावला तर ट्यूनर उलट गुदमरतो, होती ती चॅनलंही जातात.

छपरावरचा अँप्लिफायर असेल तर त्याला वीज खालून त्याच केबलीतून जाते. खाली एक डबी असते, एका तोंडावर अँटेना, दुसऱ्यावर टीव्ही असं लिहिलेली. पुष्कळदा ती उलटी लावलेली असते, किंवा ती आणि अँटेना यांच्यामध्ये वीज पुढे न सोडणारा स्प्लिटर बसलेला असतो. तपासायची युक्ती सोपी: बॉक्सवर सिग्नलचं मीटर उघडा आणि त्या डबीचा प्लग काढा. आकडा धाडकन खाली आला तर अँप्लिफायर जिवंत आहे. तसाच राहिला तर वरपर्यंत वीज पोचतच नव्हती, आणि बिनविजेचा अँप्लिफायर म्हणजे केबलीतला बोळा.

कनेक्टरही उघडून बघा. जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याला टेकलेली असते, चष्म्याशिवाय दिसतही नाही, आणि तेवढ्याने सगळं बंद पडतं. शिवाय २०१७ च्या लिलावानंतर ६०० मेगाहर्ट्झचा वरचा पट्टा मोबाइलवाल्यांकडे गेला. घराजवळ मोबाइलचा टॉवर असेल आणि वरच्या यूएचएफ चॅनलांनाच त्रास होत असेल, तर अँप्लिफायरच्या आधी मोबाइलचा सिग्नल अडवणारा फिल्टर लावून बघा.

स्कॅन

काहीही पिळण्याआधी अँटेना थेट टीव्हीला लावून स्कॅन करा. २००७ नंतर अमेरिकेत विकलेल्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीत डिजिटल ट्यूनर आहे. टीव्हीवर चॅनल नसेल तर बॉक्सवर येणार नाही. टीव्हीवर असेल आणि बॉक्सवर नसेल, तर अँटेना निर्दोष.

गावाकडे एक जण छपरावर आणि दुसरा खालून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडतोय, ती पद्धत इथे चालत नाही. डिजिटलमध्ये मुंग्यांचं चित्र नसतं. चित्र असतं किंवा नसतं, आणि ट्यूनरला चॅनल धरायला काही सेकंद लागतात. मीटर उघडा, अँटेना थोडा फिरवा, थांबा, आकडा वाचा.

डायरेक्टीव्हीचा जुना एएम२१ ट्यूनर वापरत असाल तर तो हवेत काय आहे ते शोधतच नाही. झिप कोडवरून यादी आणतो. झिप कोड चुकला की समोर असलेलं चॅनलही यादीत नाही. तिथे दुसरा झिप कोडही टाकता येतो, तो रिकामा सोडू नका.

पैसे आणि परवानगी

बिलातून लोकल पॅकेज काढायची घाई करू नका. दोन-तीन आठवडे, एखादं वादळ आणि झाडांची पानं ओली असलेला दिवस बघून घ्या, मग फोन करा. काही उपचॅनलांसमोर गाइडमध्ये कार्यक्रमाचं नाव येत नाही, तिथे रेकॉर्डिंग वेळ टाकून लावावं लागतं. ‘नेक्स्टजेन’ म्हणजे एटीएससी ३.० च्या नावाखाली महागडा अँटेना कोणी विकत असेल तर सोडून द्या. अँटेना तोच चालतो, बदलतो तो ट्यूनर, आणि डिशच्या बॉक्सना लागणारे हे यूएसबी ट्यूनर जुन्याच पद्धतीचे आहेत.

छपरावरचा खांब आणि केबल दोन्ही घराच्या अर्थिंगला जोडून घ्या, वीजवाल्याला बोलवायला लागलं तरी चालेल.

आणि एचओएचं, म्हणजे तुमच्या सोसायटीचं, पत्र आलं तर घाबरून अँटेना उतरवू नका. एफसीसीचा १९९६ पासूनचा नियम आहे: जी जागा फक्त तुमच्या वापरात आहे, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला एचओए मनाई करू शकत नाही. १९९९ पासून तो भाडेकरूंच्या बाल्कनीलाही लागू आहे. सामायिक छप्पर मात्र त्यात येत नाही, आणि खांब छपराच्या रेषेपेक्षा १२ फुटांहून उंच गेला तर परवाना लागू शकतो. पत्राला उत्तर देताना या नियमाचं नाव, ओटार्ड, तेवढं लिहा.