चिनी विद्यार्थ्यांचे फ्रेंच निबंध अभ्यासायला घेताय? जोडशब्दांपासून सुरुवात करू नका

चिनी विद्यार्थ्यांच्या फ्रेंच लेखनातली संसक्ती, म्हणजे वाक्यांना एकमेकांत विणणारी भाषिक वीण, हा विषय प्रबंधासाठी घेतला असेल, तर हॅलिडे आणि हसन या भाषावैज्ञानिकांची संसक्तीच्या साधनांची १९७६ची वर्गवारी तुम्ही वाचलेली असणारच. ती परत सांगत नाही. मला सांगायचंय ते एकाच खड्ड्याबद्दल, कारण माझे बरेच महिने त्यात गेले.

'दाबोर' (आधी), 'आंस्वित' (नंतर), 'आंफँ' (शेवटी) हे वाक्यं जोडणारे फ्रेंच शब्द निबंधात शोधणं फार सोपं असतं. सॉफ्टवेअर क्षणात तक्ता काढून देतं, मार्गदर्शकही खूश होतात. पण प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी नेमका जोडशब्द असूनही निबंध विस्कळीत वाटतो. वीण उसवलेली असते ती नामांच्या आणि सर्वनामांच्या साखळीत.

हे नीट बघा. 'गावात एक म्हातारा राहतो. म्हाताऱ्याकडे कुत्रा आहे. म्हातारा कुत्र्याला रोज फिरवतो.' व्याकरणात चूक नाही, तरी वाचताना ठेच लागते. चिनीत एकदा म्हाताऱ्याचा विषय निघाला की पुढच्या उपवाक्यांत कर्ता गाळता येतो, स्वल्पविराम देत पुढे जाता येतं. फ्रेंचमध्ये आज्ञार्थ सोडला तर क्रियापदाला कर्ता लागतोच. विद्यार्थ्याला हा नियम पाठ असतो, म्हणून रिकाम्या जागी तो पुन्हा नाम बसवतो. 'इल' (तो) लिहावं, तर ते म्हाताऱ्याकडे जाईल की कुत्र्याकडे, ही धास्ती. बोली चिनीत 'तो', 'ती', 'ते' यांचा उच्चार एकच. नामांना लिंग नाही, फ्रेंच 'अं' आणि 'ल' (इंग्रजी 'अ' आणि 'द') यांच्यासारखी उपपदंही नाहीत. एकाच साखळीत इतके निर्णय घ्यायचे असतात. पुनरुक्तीला 'तोकडी शब्दसंपत्ती' म्हणून मोकळं होऊ नका.

इथे आपण मराठी माणसं दोनदा फसतो. कर्ता आपणही गाळतो, पण 'गेली' म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं; चिनी क्रियापद काहीच सांगत नाही. आणि 'जरी… तरी'ची जोडी चिनीतही आहे, त्यामुळे फ्रेंचमध्ये 'ब्यँ क' (जरी) नंतर चुकून आलेला 'मे' (पण) आपल्याला खटकतच नाही. असे निबंध फ्रेंच मातृभाषा असलेल्या कुणाला तरी वाचायला द्याच.

काळांचा प्रश्नही मोठा आहे. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही, त्यामुळे गोष्ट सांगताना पासे काँपोझे (घडून गेलेल्या घटनेचा) आणि अँपार्फे (चालू असलेल्या स्थितीचा) या फ्रेंचमधल्या दोन भूतकाळांची सरमिसळ होते. तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, एकाच प्रबंधात दोन्ही घेऊ नका.

वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लेखनाची वळणं आकृत्यांनी दाखवणाऱ्या कॅप्लन या भाषावैज्ञानिकाच्या १९६६च्या लेखातल्या त्या गोल गोल आकृतीचा आधार घेऊन 'चिनी माणूस विचारच वळणं घेत करतो' असं तर अजिबात लिहू नका. तो आळस आहे, आणि समोर बसून दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत झगडणाऱ्या मुलांवर अन्यायही.

चिनी येत नाही म्हणून घाबरू नका, पण थोडी शिका. हॅलिडे स्वतः चिनी शिकले होते, केंब्रिजची त्यांची पीएचडीही एका जुन्या चिनी ग्रंथाच्या भाषेवर आहे. 'अनुवादक ॲप आहे की' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ॲप गाळलेला कर्ता गुपचूप भरून टाकतं आणि तुम्हाला हवी असलेली जागाच दिसेनाशी होते.

जमलं तर त्याच विद्यार्थ्याकडून तोच विषय आधी चिनीत लिहून घ्या, काही दिवसांनी फ्रेंचमध्ये. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक नामाचा माग काढा. काम संथ आहे, निबंध थोडेच होतील. थोडे चालतात, फक्त ते थोडे का घेतले, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा.