मोंढ्यातल्या दुकानाचा हिशेब क्लाउडवर नेताना

परभणीत मी दुकानांचे हिशेब लिहिते. त्यात कृषी सेवा केंद्रं जास्त, त्याखालोखाल हार्डवेअर आणि सिमेंट-लोखंडवाले. मोंढ्यात, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, हल्ली जो भेटतो तो हेच विचारतो, "ताई, क्लाउडवर जायचंय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" मी सांगते, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी उधारीची वही काढा. आपल्याकडच्या दुकानाचा जीव उधारीत असतो. ती नीट हलली तर बाकीचं सगळं हलतं. ती चुकली तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, दिवाळीच्या वसुलीला दुकानदार पुन्हा जुनी वहीच उघडून बसतो.

क्लाउड म्हणजे काय, हे थोडक्यात. तुमचा डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर न राहता कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि इंटरनेट असेल तिथून, मोबाइलवरूनही दिसतो. झोहो बुक्ससारखी सॉफ्टवेअर मुळातच अशी बनलेली आहेत. टॅली मुळात कॉम्प्युटरवर चालणारं. ते भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून लांबून वापरता येतं, त्यालाही लोक क्लाउडच म्हणतात. ज्याच्या हाताला टॅली बसलेली आहे आणि ज्याला फक्त दुसरीकडून डेटा बघायचा आहे, त्याला हा दुसरा मार्ग पुरतो. पण काउंटरवरच्या पोरानं मोबाइलवर बिल मारावं, मालकानं शेतातून उधारी बघावी, सीएनं नांदेडहून खातं तपासावं आणि पेन ड्राइव्हची ये-जा थांबावी असं वाटत असेल, तर पहिला मार्ग धरा.

कधी हलवायचं

1 एप्रिल. आर्थिक वर्ष नवं, बिलांचे क्रमांक नवे, शिल्लका नव्यानंच लिहायच्या असतात. कृषी सेवा केंद्राला हा काळ आणखी एका कारणानं सोयीचा आहे. रब्बीची वसुली बरीचशी झालेली असते आणि मृगाची गर्दी अजून दोन महिने लांब असते. एप्रिल-मे हात बसवायला मिळतात. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली की काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो. तेव्हा नवं सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्याला मी हात जोडून थांबवते. एप्रिल हुकला तर कृषीवाल्यांनी सरळ 1 जानेवारी धरावी. ऑक्टोबरमध्ये तिमाही सुरू होते खरी, पण तेव्हा सोयाबीन बाजारात आणि हरभऱ्याचं बियाणं दुकानात, दोन्ही एकदम. हार्डवेअरवाल्यांचं गणित उलटं आहे. त्यांचं काम पावसाळ्यात मंदावतं, तेव्हा त्यांना 1 जुलैही चालतं.

वर्षाच्या मध्ये हलवलंत तर बिलांची मालिका बदला. जीएसटीच्या नियमानं बिल क्रमांक एका आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि तो 16 अक्षरांपेक्षा लांब नको. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साधे आकडे असतील तर नव्यात पुढे एक अक्षर लावा, म्हणजे जानेवारीतलं 1 नंबरचं बिल एप्रिलच्या 1 नंबरला धडकत नाही.

उधारी: इथे घाई करू नका

जुन्या टॅलीत 31 मार्चच्या तारखेला येणं असलेल्यांची यादी उघडा, आल्ट आणि ई दाबून एक्सेलमध्ये घ्या आणि मालकाच्या शेजारी बसा. एकट्यानं हे काम होत नाही.

जिंतूर रोडवरच्या एका केंद्राची यादी आम्ही अशीच काढली होती. यादीत 'बालाजी' नावाचे गिऱ्हाईक ओळीनं निघाले. एकाच्या नावापुढे आडनाव, एकाच्या नावापुढे नुसतं 'पाव्हणे', एकापुढे 'ट्रॅक्टरवाला'. मालक चष्मा वर करून म्हणाले, "हा पिंगळीचा. हा झरीचा, त्याच्या बापाचं नाव ग्यानबा. अन् हा ट्रॅक्टरवाला अन् पहिला बालाजी एकच की, ताई. एकदा पोरानं लिहिलं, एकदा मी." दोन खात्यांवर विभागलेली एकाच माणसाची उधारी तिथं एकत्र आली. हे ज्ञान फक्त मालकाच्या डोक्यात असतं, ते कुठल्याही फाइलमधून निघत नाही. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचं नाव असं लिहा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. मोबाइल नंबर सक्तीचा करा. बापाचा आणि लेकाचा नंबर एकच असेल तर तेही शेऱ्यात लिहा, कारण पुढे याच नंबरवर व्हॉट्सॲपनं खातं जाणार असतं. नावं देवनागरीत किंवा इंग्रजी अक्षरांत, काहीही एकच धरा. अर्धी अशी अर्धी तशी झाली की शोधताना खातं सापडत नाही आणि पोरगं नवं खातं उघडून मोकळं होतं.

मग रक्कम. नुसती एकूण बाकी उतरवू नका, बिलवार उतरवा: कोणतं बिल, कोणत्या तारखेचं, त्यातलं किती बाकी. शेतकरी सोयाबीन विकून आला आणि म्हणाला, "खताचं घ्या, औषधाचं तुरीवर देतो," तर त्याच्यासमोर बिल दाखवता आलं पाहिजे. फार जुनी, तीन-चार वर्षांपासून अडकलेली बाकी मात्र एका ओळीत 'मागील बाकी' म्हणून आणली तरी चालते. तिची बिलं जुन्या डेटात आहेतच.

बियाण्याच्या बुकिंगसाठी काहींनी आधीच पैसे दिलेले असतात. यादीत ते उलट बाजूला दिसतात. ती रक्कम वजा उधारी म्हणून टाकू नका, ॲडव्हान्स म्हणून टाका, नाहीतर एकूण येणं कमी दिसतं आणि मालक फसतो.

ही यादी तयार झाली की मोठ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना हलवण्याआधीच खातं पाठवा. भांडण व्हायचंच असेल तर ते जुन्या वहीवर होऊ द्या. सॉफ्टवेअर बदलल्यावर तीच तक्रार आली की माणूस म्हणतो, तुमच्या नव्या मशीननं आकडा वाढवला. दुकानदाराची पत ही अशा एका वाक्यावर जाते, म्हणून मी या कामावर इतका जीव टाकते.

माल, दर आणि एककं

मालाची यादी जुन्यातून जशीच्या तशी उचलू नका, तिच्यात दरांचा गाळ असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. सिमेंट 28 वरून 18 वर आलं, ठिबक आणि तुषार संच 12 वरून 5 वर आले, सूक्ष्म अन्नद्रव्यंही 12 वरून 5 वर. जुन्या यादीत एखाद्या वस्तूला 12 किंवा 28 दिसला की थांबा आणि तपासा. रासायनिक खतं 5 टक्क्यांवर आणि रासायनिक कीटकनाशकं 18 टक्क्यांवर आहेत. पेरणीच्या बियाण्याला कर नाही. ते शून्य टक्के न टाकता करमुक्त म्हणूनच टाका, रिटर्नमध्ये त्यांचे रकाने वेगळे असतात. जुन्या दरानं विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दरानं निघते. तसा दर सॉफ्टवेअर घेऊ देतं का, हे विकत घेण्याआधी करून बघा.

एचएसएन कोड, म्हणजे वस्तूचा वर्ग सांगणारा आकडा, पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर चार अंकी, त्यापुढे सहा अंकी. पाच कोटींवर गेलेल्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, 1 ऑगस्ट 2023 पासून.

एककाचा घोळ आधीच मिटवा. युरियाची बॅग 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. एकक 'बॅग' ठेवा आणि वजन नावात लिहा. औषधाच्या 250 मिलि आणि 500 मिलिच्या बाटल्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत. औषध-बियाण्याला बॅच आणि मुदत हे रकाने हवेतच. अनुदानित खत पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विकलं जातं, त्यामुळे 31 मार्चला तीन आकडे शेजारी लिहा: गोदामातल्या बॅगा, पॉस मशीनमधला साठा, हिशेबातला साठा. ते जुळल्याशिवाय आरंभीचा साठा टाकू नका.

आरंभीच्या शिल्लका

जुन्या वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्यात ओढायचा मोह सोडा. शिल्लका आणा, नोंदी तिथंच राहू द्या. जुना कॉम्प्युटर किंवा टॅलीचा डेटा मात्र जपून ठेवा, दोन ठिकाणी. जीएसटीच्या कायद्यानं हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावे लागतात.

तेरीज (ट्रायल बॅलन्स, सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) काढा आणि खातं खातं घेत उतरवा. रोकड मोजून, बँक पासबुकावरून, न वटलेल्या चेकची यादी शेजारी ठेवून. जीएसटीची क्रेडिट शिल्लक, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरशी जुळवायची असते, आणि मार्चचं 3बी (कर भरायचं रिटर्न) भरल्याशिवाय ती पक्की होत नाही. म्हणजे ते खातं 20 एप्रिलनंतरच बंद करा. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांना आपल्या राज्यात ही तारीख 22 आहे. भांडवल आणि घसारा सीएच्या हातून फिरतात, ते आकडे नंतर दुरुस्त होतील. त्यासाठी अडून बसू नका. सगळं टाकून झाल्यावर सॉफ्टवेअर कुठल्यातरी 'फरक' खात्यात रक्कम दाखवत असेल, तर ती कुठून आली हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा एखादं देणं जमेऐवजी नावे पडलेलं असतं.

क्यूआरच्या पैशांसाठी एक वेगळं खातं उघडा. दिवसभरात गिऱ्हाइकं शंभर, अडीचशे, चौदाशे असं टाकत राहतात आणि बँकेत मात्र एकच ठोक रक्कम येते, कधी दुसऱ्या दिवशी. बिलं 'क्यूआर जमा' खात्यात जाऊ द्या आणि बँकेत आलेली रक्कम तिथून वजा करा. संध्याकाळी खात्यात उरतं ते फक्त वाटेत असलेले पैसे. बँक आपोआप जोडण्याची सोय मोठ्या बँकांना असते. सहकारी बँकेत खातं असेल तर ती जोडली जाईलच असं धरून चालू नका. स्टेटमेंट एक्सेलमध्ये मिळतं का ते शाखेत विचारा.

लॉगिन कोणाचं

हे छोटं वाटतं, पण इथंच दुकान अडकतं. खातं मालकाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणि मालकाच्याच ईमेलवर उघडा. भाच्याच्या नाही, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या नाही, माझ्याही नाही. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, हिशेब त्याच्या हातात असतो. काउंटरवरच्या पोराला फक्त बिल करण्याचा अधिकार द्या, बिल खोडण्याचा नको. सीएला बघण्याचा. कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारी सोय कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची आहे. आपल्या एकमालकी दुकानांना ती सक्ती नाही, तरी चालू ठेवा. मालक लग्नाला गेला आणि मागं बिल बदललं, तर उत्तर तिथं मिळतं.

आता सॉफ्टवेअर निवडा. दाखवायला आलेल्या माणसाच्या तयार डेटावर भुलू नका. स्वतःची खरी बिलं करून घ्या: अर्धं रोख अर्धं उधार, एकाच बिलात करमुक्त बियाणं आणि 18 टक्क्यांचं औषध, परत आलेली बाटली. बिल मराठीत छापून मागा. मग विचारा, वार्षिक पैसे भरले नाहीत तर माझा डेटा किती दिवस दिसेल, आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का. क्विकबुक्ससारख्या जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरनं 2023 मध्ये भारतातली सेवा बंद केली, तेव्हा वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं. त्यामुळे आत शिरताना बाहेरचं दारही बघून ठेवायचं.

लाइट आणि नेट गेल्यावर

राउटर इन्व्हर्टरवर घ्या. दुकानातलं नेट एका कंपनीचं असेल तर मोबाइलचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं ठेवा. तरीही जूनमध्ये एखादी दुपार अशी येतेच की दोन्ही बंद आणि दारात वीस माणसं. त्यासाठी वेगळ्या मालिकेचं छापील बिलबुक गल्ल्याखाली ठेवा आणि त्याच रात्री ती बिलं त्यांच्याच क्रमांकानं चढवा. उद्यावर टाकलेलं बिलबुक आठवडाभर तसंच पडतं.

जुनं आणि नवं दोन्ही महिनाभर चालवा, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. दोनदा बिल मारून पोरं कंटाळतात आणि दोन्हीकडे गाळतात. पहिले पंधरा दिवस बिल नव्यातच करा, आणि रोज रात्री तीन आकडे कागदावर मांडा: गल्ल्यातली रोकड, दिवसाची एकूण विक्री, दिवसाची नवी उधारी. ते हातानं जुळले की पुरे. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं एप्रिलचं जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) 11 मेपर्यंत जातं, ते भरण्याआधी सॉफ्टवेअरनं काढलेला तपशील सीएसोबत बिलवार बघा. 14 तारखेला 2बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर येणारी आपल्या खरेदीची यादी) आलं की खरेदी त्याच्याशी लावून बघा. एखाद्या कंपनीचं बिल नसेल तर त्यांच्या माणसाला त्याच आठवड्यात फोन करा.

आणि दर महिन्याच्या शेवटी तेरीज, उधारीची बिलवार यादी आणि साठा, हे तिन्ही एक्सेलमध्ये उतरवून मालकाच्या स्वतःच्या ड्राइव्हवर टाका, महिन्याचं नाव लिहून. उधारीच्या यादीची एक छापील प्रतही काढा आणि ती मालकाच्या घरी राहू द्या.