ड्रोन उडवण्याआधी गटप्रमुखाने करायची तयारी

कपाशीची फवारणी सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत ताई, तोवर बचत गटाच्या ड्रोनची एवढी तयारी उरकून घ्या. नोझल, टाकी, बॅटऱ्या पायलट पाहील. तुमचं काम वेगळं आहे.

आधी नकाशा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशात यादीतला प्रत्येक मळा स्वतः शोधून बघा. उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, कारण पोलीस एखादा भाग 96 तासांपर्यंत बंद करू शकतात. जळगाव विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. 8 ते 12 च्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यापुढे हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागात 400 फुटांपर्यंत. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींच्या बाजूला नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन गाडीतून उतरवूच नका.

शेतकरी म्हणतील, "पिकावर दोन-तीन मीटरनं उडतं, विमान कुठे आडवं येतंय?" त्यांना नीट समजावून सांगा. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतं आणि मग परत फिरतं. ती उंची किती ठेवली आहे ते पायलटला विचारून वहीत लिहा. झाडं आणि विजेच्या तारा सुरक्षित ओलांडता येतील एवढी हवी, उगाच जास्त नको. धुळ्याजवळच्या गोंदूरहून, शिरपूरहून शिकाऊ वैमानिक उडतात. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षणाचं विमान कोसळलं, तेव्हा आसपासचे आदिवासी मदतीला धावले होते. ड्रोनचा त्यात काही संबंध नव्हता. पण वरून जाणाऱ्या विमानात कुणाचं तरी पोर बसलेलं असतं, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ड्रोन हाताबाहेर गेलं तर लगेच कळवायला विमानतळाचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर रिमोटच्या पेटीवर चिकटवा.

नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र आणि विमा एका पाकिटात, गाडीतच.

आता सगळ्यांत अवघड काम. वारा सुटलाय, नकाशा पिवळा, म्हणजे परवानगी लागेल असा, दिसतोय, आणि शेत सरपंचांचं आहे. पायलट विशीतली मुलगी. ती "नाही" म्हणाली तर गट तिच्या पाठीशी राहील आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही, असा ठराव याच बैठकीत घ्या, सह्यांसकट. आणि औषध आधी कालवून ठेवू देऊ नका. कालवलेलं औषध वाया जाईल या भीतीनंच माणसं "एकदा उडवून तर बघ" म्हणतात. पायलटनं होकार दिल्यावरच डबा फोडायचा.