हॉस्टेलच्या खोलीत खाली काय अंथरायचं? आधी ते सुकेल का, ते बघा

मी रत्नागिरीत मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे. ॲडमिशन होऊन मुली येतात त्या ऐन पावसात, आणि सामान लावून झालं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "काकू, खाली टाकायला काय घेऊ?" विचारणं रास्तच आहे. खोलीत खुर्ची एखादीच असते. अभ्यास, डबा खाणं, मैत्रिणींशी गप्पा, सगळं खालीच बसून चालतं आणि पावसाळ्यात लादी बर्फासारखी गार पडते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: रात्री धुऊन पंख्याखाली टाकलं तर सकाळपर्यंत बहुतेक सुकेल, असंच काहीतरी घ्या. रंग, नक्षी, मऊपणा हे सगळं त्यानंतर.

याचं कारण आपली हवा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत तळमजल्यावरच्या लादीला नुसतं पाणी सुटतं. कुणी काही सांडलेलं नसतं, दमट हवा गार फरशीला लागून ओल धरते. त्यावर तुम्ही जे अंथराल ते खालून भिजत राहणार. सोलापूर, लातूरकडून येणाऱ्या मुली घरून छान जाड सतरंजी आणतात. तिकडच्या कोरड्या हवेत ती दुपारभरात सुकत असेल, पण इथे जुलैत भिजली की चार-चार दिवस ओलसर राहते. मग घडीच्या आत आधी पांढरट लव दिसते, पुढे काळे ठिपके पडतात. ते ठिपके धुऊन जात नाहीत आणि त्या कुबट वासाने सगळी खोली भरते.

तेव्हा बाजारात मिळणाऱ्या वस्तू या एका कसोटीवर लावून बघू.

पातळ सुती सतरंजी मला सगळ्यात जास्त पटते. बसायला ऊबदार, घाम शोषते, गरम पाण्यात धुता येते. फक्त ती पातळ हवी. दुकानात दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे घट्ट आणि कुठे विरळ असेल तर पहिल्या धुण्यातच ती वाकडी होते. कडा दुमडून शिवलेल्या असल्या तर उत्तम. मोकळ्या दशा दिसायला बऱ्या वाटतात, पण रोज झाडूत अडकतात आणि तिथूनच उसवायला लागते. आणि रुमालाचं टोक ओलं करून सतरंजीच्या लाल किंवा निळ्या पट्ट्यावर जोरात घासा. दुकानदार नको म्हणत असेल तर ती घेऊच नका. रुमालाला रंग लागला, तर तो उद्या तुमच्या गादीला आणि पांढऱ्या सलवारीलाही लागणार.

प्लास्टिकची विणलेली चटई सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर सुकणारी. ती ज्या पॉलिप्रॉपिलीनची असते ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. फडक्याने पुसली की झालं. पावसाळ्याचे चार महिने निव्वळ हीच वापरली तरी चालेल. एक मात्र नीट लक्षात ठेवा: हे प्लास्टिक साधारण १६० अंशांना वितळतं आणि सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्याहून बरीच गरम असते. मुली खालीच चादर टाकून इस्त्री करतात, तेव्हा आधी चटई बाजूला करा. डासांची कॉइलही तिच्यावर ठेवू नका.

तागाच्या चटया फोटोत फार सुंदर दिसतात, पण ताग पाणी पितो आणि धरून ठेवतो. समुद्राकाठच्या हॉस्टेलात तो घेऊ नका. काथ्याचं तसं नाही, खाऱ्या पाण्यातही तो लवकर कुजत नाही. पण त्यावर मांडी घालून बसवत नाही. काथ्याचं पायपुसणं दाराबाहेर ठेवा, तांबडी माती तिथेच झटकली जाते. ती माती सुती कापडात एकदा मुरली की डाग पूर्ण निघत नाही, म्हणून सतरंजी पांढरी किंवा फिकट घेण्यापेक्षा विटकरी, तपकिरी घ्या.

चिंध्यांच्या विणलेल्या दऱ्या स्वस्त मिळतात, पण जाड पट्ट्यांच्या गाठीगाठीत पाणी अडकतं. वरून हाताला कोरडी लागते आणि आत ओलीच असते. लव असलेले मऊ गालिचे तर मी सरळ नको म्हणते. लवेत वाळू बसते, ती झाडूने निघत नाही आणि पावलागणिक धागा कापत राहते. दमट हवेत धुळीतले बारीक किडे वाढतात, त्यांनाही असा गालिचा मानवतो. ज्यांना दम्याचा किंवा सतत शिंकांचा त्रास आहे त्यांनी तर तो खोलीत आणूच नये. पाठीला रबराचा थर असलेले गालिचेही टाळा. उष्ण-दमट हवेत तो थर आधी कडक होतो, मग त्याचा भुगा पडून लादीला चिकटतो.

आता मिठाबद्दल सांगते, कारण हे बाहेरगावच्या मुलांना कुणी सांगत नाही. संध्याकाळी सगळे भाट्याच्या नाहीतर मांडवीच्या किनाऱ्यावर जातात आणि ओल्या पायांनी येऊन सतरंजीवर बसतात. पाणी सुकतं, मीठ मात्र धाग्यात राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हेच मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याहून जास्तच असते. म्हणून ऊन दाखवलेली सतरंजीसुद्धा रात्री पुन्हा चिकट, गार लागते. मुली त्यावर पावडर मारतात, अत्तर शिंपडतात. उपाय सोपा आहे: साबण न लावता गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढा, मीठ पाण्याबरोबर निघून जातं. आणि किनाऱ्यावरून आल्यावर पाय आधी नळाखाली धुवा.

माप घेताना खोलीचं घेऊ नका, दोन कॉटमधल्या मोकळ्या जागेचं घ्या. कॉट साधारण सहा बाय तीनची असते आणि मधली जागा पुष्कळदा तीन फूटही नसते. तिथे चार बाय सहाची सतरंजी टाकली तर कडा कॉटखाली जातात, तिथे झाडू पोचत नाही आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. दोन बाय पाच किंवा अडीच बाय पाच पुरते. शिवाय मोठी सतरंजी भिजली की हॉस्टेलच्या बादलीत मावत नाही आणि एकटीला पिळता येत नाही. दार आत उघडत असेल तर दाराखालची फट बघून घ्या, नाहीतर रोज दार अडेल.

पैशांचं म्हणाल तर ५०० रुपयांत दोन गोष्टी बसवायचा प्रयत्न करा: पावसाळ्याला प्लास्टिकची चटई आणि दिवाळीनंतर पातळ सतरंजी. एकाच महाग गालिच्यापेक्षा ही जोडी जास्त उपयोगी पडते. आपल्या राम आळीत फिरलात तर दोन-तीन दुकानांत भाव विचारा. ऑनलाइन मागवू नका असं नाही, पण वीण आणि रंग हाताने पारखता येत नाहीत.

गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी सरकते, ओल्या पायांनी आलं तर पडायची भीती. खाली रबरी जाळी मिळते, ती सतरंजीपेक्षा दोन बोटं लहान कापून घाला. अखंड शीट घालू नका, जाळीतून हवा खेळती राहते.

रोज सकाळी कॉलेजला जाताना सतरंजी उचलून कॉटच्या कठड्यावर टाका. गणपतीला घरी जाताना तर हमखास, कारण बंद खोलीत आठवडाभर लादीवर पडून राहिली तर आल्यावर टाकूनच द्यावी लागते. वास लागलाच असेल तर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका आणि उघडीप मिळेल तेवढं ऊन द्या.

मे महिन्यात सुट्टीला जाताना धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी सुकवून, गुंडाळीत वर्तमानपत्राचे कागद आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून कपाटावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. जुन्या चादरीत गुंडाळा आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, कारण पहिल्या पावसात भिंतीलाही ओल येते.